घाटात गिअर काढणाऱ्या आमच्या ह्यांना

"उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल बाई, पण गिअर काढू नको," गाडी शिकवताना आमचे अण्णा म्हणाले होते. गंगापूरला जीप चालवायचे ते.

आज लेकीला खुलताबादच्या शाळेतून घेऊन परतताना आमच्या ह्यांनी पेट्रोल वाचवायला रोजच्यासारखी घाटात गाडी न्यूट्रल केली. वळणावर मेंढरं आडवी आली. गाडी थांबली कशीबशी, पण मागं बसलेली लेक पुढच्या सीटवर आदळली.

मेंढरंवाला ओरडला, "ओ साहेब, गाडी चालवताय का घसरगुंडी खेळताय?"

मी म्हटलं, गिअर काढू नका, तर हे मलाच म्हणाले, "लई शिकवू नको. ॲव्हरेज मला कळतं."

काय कळतं? गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरतं, पाय उचलला की पेट्रोलही वाचतं!

लेकीच्या फुटलेल्या ओठाला बर्फ लावून लिहितेय. अहो, उद्यापासून चावी माझ्याकडे द्या. नाहीच म्हणाल, तरी मागतेय.