चिंचेनं घासलेलं नाणं

आत्याला जाऊन महिना होत आला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले ते पाच-सहा दिवस मनातून जात नाहीत.

मी तेव्हा प्राचीन इतिहास शिकत होते आणि गिरगावात आत्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आम्हा कला शाखेच्या मुलांना धातू आणि मातीचं शास्त्र शिकवायला रसायनाचे एक सर येत. उत्खननाला कोणाला न्यायचं, ते तेच ठरवणार होते. माझा सगळा जीव त्या यादीत अडकला होता. सरांनी प्रत्येकाला एक जुनं तांब्याचं नाणं दिलं. दोन दिवस निरीक्षण करा, कोरडं ठेवा. वरचा हिरवा थर मळ नव्हे, अक्षरं आता त्या थरातच उरली आहेत, असं त्यांनी बजावलं होतं.

आमच्याकडे कोरडी जागा एकच, समईजवळची. तिथे ताम्हनाशेजारी मी नाणं ठेवलं. सरांनी दिलेलं राजाचं नाणं, एवढंच आत्याला सांगितलं; घासायचं नाही, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला, संचारबंदी लागली. तिसऱ्या दिवशी आत्यानं पूजेची भांडी घासायला काढली. मी पाहिलं तेव्हा नाणं गुलाबी लखलखत होतं.

"राजाच्या नाण्याला एवढा मळ?" ती म्हणाली. "तुमच्या सरांकडे चिंच नसते वाटतं."

"मीठ लावलंस?"

"मिठाशिवाय तांबं निघतं का, अगं?"

अक्षरं जवळजवळ गेली होती. पुढच्या सकाळी नाण्यावर फिकट हिरवी पूड आली. मिठातलं क्लोराइड दमट हवेत तांबं खात राहतं, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. आत्याला वाचून दाखवलं. तिनं नाणं उचलून उजेडात धरलं.

"मग आता?"

"शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं. नळाचं चालत नाही."

खालून पोलिसांची गाडी गेली. आत्यानं खिडकी लावली, स्टोव्हवर पातेलं चढवलं आणि झाकणाला आतून धरलेलं वाफेचं पाणी काचेच्या पेल्यात निथळू लागली.

"हे चालेल?"

चालणार होतं. दोन दिवस तिनं तेच केलं. बोटं भाजली. रॉकेल संपत आलं, तेव्हा स्वयंपाक थांबवला.

संचारबंदी उठताच मी नाणं आणि शेवटचं धुतलेलं पाणी घेऊन गेले. सरांनी पाणी परीक्षानळीत घेतलं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाणी हळूहळू दुधाळ झालं.

"मीठ अजून आहे. ते काढता येईल. वाचण्यासारखं मात्र काही उरलं नाही. कोणी घासलं?"

"मी."

त्यांनी यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली.

घरी आत्या दारातच उभी होती. "वाचलं का गं?"

"वाचलं."

"आणि तुझं उत्खनन?"

"या गडबडीत यंदा रद्द झालं."

झाकणाच्या पाण्यानं राजाचं नाणं कसं वाचवलं, हे ती पुढे सगळ्या चाळीला सांगत राहिली. शेवटच्या आजारात तिनं नर्सलाही सांगितलं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं.