अर्धी तुझी, अर्धी माझी

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आनंदाच्या आधी भीतीच वाटली. पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. माझा रक्तदाब एकाएकी चढला, झटके आले आणि सगळं आटोपलं. जुने डॉक्टर या दुखण्याला टॉक्सिमिया म्हणतात. त्यामुळे सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी हे दुखणं टाळता येतं का हे पाहणाऱ्या ‘बी’ जीवनसत्त्वाच्या संशोधनात नाव घालता का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांचं बोलणं पुरं होण्याआधीच मी सही करून मोकळी झाले. निम्म्या बायकांना जीवनसत्त्वाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

दोडामार्गला आमची शेजारीणही गरोदर, आणि तीही या संशोधनात. एवढा बंदोबस्त करून जे डॉक्टरांपासून लपवलं, ते आम्हाला चार दिवसांत कळलं.

“माझी लघवी हळदीसारखी पिवळी जाता गो. तुझी?” काजू वाळत घालताना तिने विचारलं.

माझी नेहमीसारखीच. मोबाइलवर शोधलं, तर त्या जीवनसत्त्वाने रंग येतोच. मी तिथेच रडायला लागले.

“रडतस कित्याक?” ती म्हणाली आणि घरात जाऊन सुपारीचा अडकित्ता घेऊन आली. आमच्याकडे पोटुशीसमोर तिला न देता काही खात नाहीत, आणि ही बाई रीतीला पक्की. गोळी मधोमध कातरून तिने अर्धी माझ्या हातावर ठेवली. “खा. माका उरलेली पुरे.” रोज सकाळी हा प्रसाद. दोघींच्याही लघवीला फिकट पिवळा रंग आला तेव्हा हसून हसून आमची पोटं दुखली.

खोटं मात्र मला पचेना. तपासणीला “दिलेलीच गोळी घेता ना?” असं विचारलं की मी नुसती मान डोलवायची. आठव्या महिन्यात एका सकाळी मनात आलं, या अर्ध्या गोळीने माझं बाळ तरलं, तर ते साध्या गोळीनेच तरलं असं धरतील. मग पुढच्या बायकांना ही गोळी द्यायची कशाला, असं म्हणतील. शेजारणीला ओढतच मी एसटीत घातलं.

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, ती गोळी उपयोगी आहे की नाही, हेच तर शोधत होतो आम्ही! आता तुम्ही दोघीही संशोधनातून बाद.” बोलता बोलता सवयीने त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. पाय सुजले नव्हते, डोकं दुखत नव्हतं, तरी रक्तदाब भलताच चढला होता. त्यांनी मला घरी जाऊच दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन होऊन मुलगी झाली. एवढीशी, पण आवाज सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढा.

“माझ्या अर्ध्या गोळयेनच चेडू वाचला!” शेजारीण येईल त्याला सांगत सुटली.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “खरंच गोळीने?”

“ते मला नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या तपासणीची तारीख उद्याची होती. खरं सांगायला तुम्ही आधीच आलात.”

मुलगी ठणाणा रडत होती, आणि मी तिला उगी केलं नाही.