नंदानं नेलेला करंडा

नंदा गेल्याचं मला शेजारच्या मास्तरांनी सांगितलं. मी सुपात तूर पाखडत होते. मास्तर दारात येऊन उभे राहिले, चपला काढेनात, आत येईनात. म्हणाले, "अक्का, मोबाइल बघितला का?" मी म्हणाले, "माझा कुठला मोबाइल, माधव घेऊन गेलाय शेतात." तेव्हा त्यांनी आपला पुढं केला. त्यात नंदाचा हसरा फोटो होता आणि खाली कितीतरी जणांनी हात जोडले होते... माझी सख्खी धाकटी बहीण नांदेडला सकाळी गेली, आणि ते पुण्या-हैदराबादच्या लोकांना आधी कळलं, मग मला. रडू तर आलंच. पण खोटं कशाला लिहू, रडण्याच्या आधी राग आला. हे माझ्या आधी यांना कसं?

मी आणि माझा मुलगा माधव नांदेडच्या दवाखान्यात पोचलो, तर तिथं प्रज्ञा होती. प्रज्ञा म्हणजे नंदाची विद्यार्थिनी, पुढं नांदेडच्या विद्यापीठात तिच्याच विभागात शिकवायला लागलेली. नंदाच्या छातीत कळ आली तेव्हा तीच जवळ होती, तोंडात पाणी तिनंच घातलं, आणि आम्ही येईपर्यंत नंदाची वेणीसुद्धा घालून ठेवली होती तिनं. लहानपणी नंदाचे केस मी विंचरायची. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, हात लावला तरी ती रडायची. अक्काच पाहिजे. ती नीट घातलेली वेणी बघून मी दोन पावलं मागं सरकले. प्रज्ञा गळ्यात पडायला आली, मी तोंडाला पदर लावून उभी राहिले. बोलायचं ते माधव बोलला. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. जळकोटजवळच्या आमच्या शेतात, अव्वाच्या शेजारी, नंदाला बसवलं.

नंतर पेपरच्या पुरवणीत तिच्यावर लेख आले. कुणी लिहिलं, वाट दाखवणारी गेली. कुणी लिहिलं, आमच्या विभागाची आई गेली. लग्न न केलेल्या माझ्या बहिणीला एवढी लेकरं कधी झाली कुणास ठाऊक. तिला एक बहीण होती असं मात्र एकाही लेखात नव्हतं. म्हणून हे मी लिहून ठेवते आहे, माझ्यापुरतं.

नंदा झाली तेव्हा मी चौथी पास झाले होते. गावात शाळा तेवढीच होती. पुढं जळकोटला चालत जावं लागायचं, आणि घरात पाळण्याजवळ कुणीतरी लागायचं. त्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या दप्तराच्या पिशवीत अव्वानं वाळल्या मिरच्या भरून खुंटीला लावल्या, तेव्हा मला समजलं. नंदा शाळेच्या वयाची होईपर्यंत जळकोटला जीप सुरू झाली होती. ती जीपनं गेली, मग एसटीनं लातूरला, मग नांदेडला, मग विमानानं. मला गावातच मामाच्या घरात दिलं. माहेर आणि सासर यांच्यात एक गल्ली. बाया म्हणायच्या, "तुझी बहीण म्हणजे काय बाई! साऱ्या जगात फिरून राहिली." मी म्हणायची, "हाव." आणि डोक्यावरची घागर सावरून पुढं निघायची.

आता करंड्याचं लिहिते. अव्वाचा कुंकवाचा करंडा पितळी होता, मुठीत मावेल एवढा, पेचाच्या झाकणाचा. अव्वा विचारात पडली की ते झाकण अर्धं उघडायची, परत लावायची, परत उघडायची. "हा तुला," असं ती मला कधी म्हणाली नाही. पण असली वस्तू थोरल्या लेकीकडं जाते, ते काय सांगावं लागतं? आमचे वडील गेले. त्यांचे दिवस झाल्यावर नंदा परत नांदेडला निघाली, तेव्हा तिनं फळीवरचा करंडा उचलला. तिच्या कपाळाला बारीक टिकली, तीही आठवली तर. म्हणाली, "अव्वा, हे मी नेऊ का? लई सुबक हाय." अव्वा भिंतीकडं तोंड करून बसली होती. "ने की," म्हणाली, "मला काय करायचंय आता." मी तिथंच चुलीपुढं होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

पुढं एकदा तिच्या विभागात गेले, तेव्हा तो करंडा मला तिच्या टेबलावर दिसला. आत टाचण्या भरल्या होत्या. माझ्या घरी कुंकू प्लास्टिकच्या डबीत.

ती नेमकं काय काम करते हे मला फार उशिरा कळलं. तेही मी विचारलं म्हणून. म्हणाली, "अक्का, म्युझियममध्ये काचेच्या मागं वस्तू असतेत न्हाई का, त्या तिथं कशा आल्या ते मी हुडकते. कुणाच्या होत्या, कुणी दिल्या, का कुणी उचलल्या. आणि परत द्यायच्या तर कुणाच्या हातात द्यायच्या."

"आन त्याचा पगार देतेत?"

"हाव, देतेत."

"मज्जा हाय बाई तुझी."

ती हसली. तिला माझं बोलणं टोचायचं नाही, हेच मला टोचायचं.

आमच्या गावच्या मरीआईचा पितळी मुखवटा निजामाच्या काळात एक साहेब घेऊन गेला, असं म्हातारी माणसं सांगायची. तेव्हापासून शेंदराच्या नुसत्या दगडाची ओटी भरायची. नंदाला तो मुखवटा परदेशातल्या एका म्युझियममध्ये सापडला. तिथल्या कागदावर लिहिलं होतं, 'भेट'. या एका शब्दापायी ती कित्येक वर्षं भांडत होती. सुट्टीत आली की माझ्या ओसरीवर बसून सांगायची, "तवाच्या पाटलानं दिला असंल, अक्का. पण पाटलाचा होता का तो? त्याला हळद लावणाऱ्या बाया होत्या, त्यांना कुणी विचारलं?"

मी शेंगा फोडत होते. म्हणाले, "बायांना कोण विचारतंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हिला चूल आठवेल, करपलेली भाकरी आठवेल... पण ती म्हणाली, "अक्का, हे लई चांगलं बोललीस तू," आणि पिशवीतली वही काढून माझं वाक्य लिहून घेतलं. म्हणजे तेही नेलं.

लातूरला तिचं एक मोठं भाषण झालं, तेव्हा माधव मला घेऊन गेला. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. नंदा निळी इरकल नेसली होती. भाषण संपल्यावर एक गृहस्थ उठून म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत गावानं तर मुखवटा मागितलाच नाही. मग तुम्हीच का उकरून काढताय?" नंदानं माइक जवळ ओढला. "मागितलं नाही म्हणजे नको होतं, असं नसतं," ती म्हणाली. "काही माणसांना मागायची सवयच नसते. ज्याच्याकडं वस्तू आहे, त्यानं त्यांच्या दारात जाऊन विचारायचं असतं." सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, माधवसुद्धा. मी हात मांडीवर ठेवून बसले. मनात म्हणाले, बाई गं, माझं दार तर तुला ठाऊक हाय की.

मुखवटा शेवटी आला. हलगी लावली, गाव गोळा झालं. म्युझियमची एक परदेशी बाई आली होती, तिनं पांढरे सुती हातमोजे घालून तो पेटीतून काढला. सोबत काचेची पेटी पण आणली होती, त्यात ठेवा म्हणून. पाहुणे जेवायला बसले, तेवढ्यात आम्ही बायांनी मुखवटा हापशावर नेला. इतक्या दिवसांनी घरी आलेली देवी, तिला काळीकुट्ट कशी बसवायची? चिंच लावली, राख लावली, वरून लिंबू. मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात कसले आकडे होते, ते एकीनं खरवडून काढले. नाकाच्या कडेचं काळं निघत नव्हतं, ते मी काढलं. सोन्यासारखी लखलखीत झाली देवी. तेवढ्यात प्रज्ञा धावत आली आणि ओरडली, "अहो काकू, काय केलंत हे! किती जुना रंग होता तो!"

"रंग कुठला वो," एक म्हातारी म्हणाली, "मळ होता मळ. तुमच्या तिकडं घासत न्हाईत का भांडी?"

परदेशी बाई कपाळाला हात लावून उभी. प्रज्ञा रडवेली. मग नंदा आली. तिनं मुखवट्याकडं बघितलं, आम्हा सगळ्यांच्या राखेच्या हातांकडं बघितलं, आणि हापशाच्या कट्ट्यावर बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. प्रज्ञाला म्हणाली, "परत दिलं म्हणजे दिलं. कसं ठेवायचं हेही आपणच सांगत बसलो, तर ते उसनं दिल्यासारखं झालं." मग मुखवट्याच्या नाकावरून बोट फिरवून म्हणाली, "ह्ये अक्कानं घासलंय. दुसऱ्या कुणाला एवढा नेट हाय?" बाया हसल्या. फोटोसाठी तिनं मला पुढं बोलावलं. माझे हात चिंचेचे होते, मी गेले नाही. पेपरात फोटो आला तो नंदा, मुखवटा आणि प्रज्ञा.

नंदाला जाऊन काही आठवडे झाले असतील, तेव्हा विभागातून बोलावणं आलं. तिच्या वस्तूंचं एक काचेचं कपाट केलं होतं, ते बघायला घरच्यांनी यावं. गेले. कपाटात तिचा चष्मा होता, पेन होता, मुखवट्याबरोबरचा तो फोटो होता. आणि मधल्या फळीवर करंडा. पुढं चिठ्ठी: 'मॅडमच्या टेबलावरील पितळी डबी'. मी ती चिठ्ठी परत परत वाचली. लोक एकामागून एक उठून बोलत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. मग प्रज्ञा म्हणाली, "काकू, तुम्ही दोन शब्द बोला."

चार माणसांत मी कधी बोललेली नाही. मी उठले ती काचेपाशी गेले.

"ही डबी न्हाई," मी म्हणाले.

"काय म्हणालात, काकू?"

"ही डबी न्हाई. करंडा हाय. माझ्या अव्वाचा." मी काचेवर बोट ठेवलं. "मला पाहिजे."

विभागाचे साहेब भले माणूस. गोंधळून म्हणाले, "हो का? आम्हाला कल्पनाच नव्हती. पण मॅडम असताना तुम्ही कधी मागितला नाहीत...?"

तिथं बसलेले सगळे नंदाचेच विद्यार्थी. साहेब काय बोलून गेले ते साहेबांच्याही लक्षात आलं. प्रज्ञाचे कान लाल झाले. "सर," ती म्हणाली, "किल्ली द्या."

तिनं करंडा काढला, पण लगेच दिला नाही. दोन्ही हातांत धरून म्हणाली, "काही अवघड आलं की मॅडम ह्याचं झाकण फिरवत बसायच्या. अर्धं उघडायचं, परत लावायचं. आम्ही ओळखायचो, आता मॅडम काहीतरी मोठं बोलणार." मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या बहिणीची ही खोड ही पोरगी रोज बघत होती, आणि मी तिकडं गावात... मग मी म्हणाले, "ती खोड आमच्या अव्वाची."

हे प्रज्ञाला ठाऊक नव्हतं. तिनं करंडा माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "काकू, कधी बघायला येऊ का?"

"ये की," मी म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही. त्यानंतर तिचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी म्हणाले, ये की.

घरी आल्यावर मी चिंच भिजत घातली. करंडा फार काळवंडला होता. बुडाला कपाटाचा चिकट कागद होता, तो खरवडून काढला. मग चिंच घेऊन झाकणाकडं वळले, तर झाकणाच्या कडेला एके ठिकाणी पितळ आधीच चकचकीत होतं, चिंचोक्याएवढं. बाकी सगळं काळं आणि तेवढंच उजळ. तिथं तिचा अंगठा बसायचा. सगळा करंडा घासला असता तर सगळाच तसा झाला असता, आणि ती जागा मग कुठली, हे कळलं नसतं. चिंचेचं पाणी मी कढीपत्त्याला ओतून टाकलं.

सून म्हणाली, "आत्या, टाचण्या काढते, कुंकू भरते." मी म्हणाले, "हात लावू नको." माझा मलाच आवाज मोठा वाटला. माधव मलाही अव्वाच म्हणतो. तो हसून म्हणाला, "अव्वा, तू तर काचेत ठेवशील आता." नंदा असती तर तीही हेच म्हणाली असती.

करंडा माझ्या उशापाशी फळीवर आहे. दुपारी घर रिकामं झालं की घेऊन बसते. टाचण्या आत वाजतात. झाकण अर्धं उघडते, परत लावते. त्या उजळ जागेवर माझा अंगठा ठेवून बघते... माझा जरा मोठा आहे. कडेकडेनं थोडं काळंही आता उजळायला लागलंय.