होडीवालीचे हात

मी गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या पार्से गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहिते. पण कुणी विचारलं, लिहिता का, तर बरीच वर्षं मी नाही म्हणायचे. कारण माझ्या गोष्टींतलं जग माझं नाही. ते एका अद्भुत कादंबरीमालिकेचं आहे. तिथले डोंगर दर वर्षी जागा बदलतात आणि राजघराणी नकाशांसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. तिसऱ्या पुस्तकात एक होडीवाली येते. मोजणीदारांना नदीपार नेते, अकरा पानं बोलते, आणि मग लेखक तिला विसरून जातो. मला ते सहन झालं नाही. तिचं पुढे काय झालं ते मी लिहायला घेतलं.

असं लिहिणारे आणि चित्रं काढणारे आमच्यासारखे वेडे कमी नाहीत. मराठीतला आमचा एक गट फोनवर आहे. दर वर्षी गटात जोड्या लागतात. लिहिणाऱ्यांनी आपापल्या गोष्टीचा सारांश नाव न घालता द्यायचा, चित्रकारांनी त्यातला आवडेल तो उचलायचा, आणि मग दोघांनी मिळून काही महिन्यांत ते काम पुरं करायचं. नियम थोडेच आहेत. कुणी पैसा घ्यायचा नाही, दोघांची नावं एका ओळीत लावायची, आणि यंत्राकडून काढून घेतलेलं चित्र चालणार नाही.

माझी होडीवाली जिने उचलली ती निघाली डिचोलीची. म्हणजे मूळची बेळगाव जिल्ह्यातली. लग्न होऊन इथे आली, नवरा बांधकामावर आणि ती औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बाटल्यांच्या खोक्यांवर. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. ती मला बाई म्हणायची आणि मी तिला दुसऱ्याच दिवसापासून तू म्हणायला लागले. चित्रं ती फोनवरच काढायची, बोटाने. पहिलं चित्र आलं तेव्हा मी वर्गावर होते. मधल्या सुट्टीत उघडलं आणि घंटा झाली तरी बघत राहिले. होडीवालीचा चेहरा अर्धा पदराआड होता. दिसत होते ते हात. सांधे सुजलेले, एका बोटाला चिंधी, नखं तुटलेली, आणि वल्ह्यावरची पकड अशी की ते वल्हं कुणी काढून घेऊ शकणार नाही.

हे हात कुणाचे म्हणून विचारलं, तर म्हणाली, कारखान्यातल्या लायनीवरच्या दोघींचे. एकीचा उजवा, एकीचा डावा. जेवणाच्या सुट्टीत त्या दोघींना हात टेबलावर ठेवायला सांगून तिने ते काढले होते.

सात महिने आम्ही काम केलं. चित्रं ती काढायची आणि गोष्ट मी लिहायची, असं मी समजत होते, पण ते तसं राहिलं नाही. एका प्रकरणात मी लिहिलं होतं की दिवसभर वल्हवून झाल्यावर होडीवाली खडकावर बसून केस विंचरते. तिने विचारलं, दिवसभर वल्हवल्यावर खांद्याच्या वर हात जाईल का तिचा? मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. नव्या प्रकरणात तिचे केस दुसरी बाई विंचरते, आणि ती दुसरी बाई पुढे गोष्टीतली सगळ्यांत महत्त्वाची बाई झाली. एका रविवारी मी मोरजीला जाऊन वल्हं होडीला कसं बांधतात त्याचे फोटो काढून आणले, कारण तिला दोरीची गाठ चुकवायची नव्हती. ती गाठ तिने चार वेळा काढली. चौथ्या वेळी मी ती माझ्या मावसभावाला दाखवली. त्याची स्वतःची होडी आहे. तो म्हणाला, बरोबर आसा.

गटात आमची जोडी खूप वाचली गेली. लोकांनी लांबलांब पत्रं लिहिली. त्यातलं एक पत्र कुणाकडून तरी पेडण्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांकडे पोचलं. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, बोलणं गोड. त्यांनी मला फोन केला. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात गोष्ट आणि चित्रं मोठ्या फलकांवर लावायची होती. आपल्या तालुक्यातली बाई मराठीत असं काही करते याचा त्यांना अभिमान वाटत होता. मलाही वाटला. इथूनच मी चुकत गेले, म्हणून पुढचं जसं झालं तसं सांगते.

त्यांनी चित्रांच्या मूळ फाइली मागितल्या. मी त्याच दुपारी पाठवून दिल्या. तिला विचारलं नाही. कार्यक्रम आहे, तुझी चित्रं लागणार, एवढंच कळवलं. ती इतकी खूश झाली की विचारायची गरज होती हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चार दिवसांनी कार्यवाहांचा पुन्हा फोन. चित्रकार कुठल्या, म्हणाले. मी सांगितलं, बेळगावकडची, डिचोलीला कारखान्यात आहे. मग म्हणाले, "म्हणजे घाटीच की. आपल्याकडे कुणी नाही का चित्रं काढणारं?"

हा माणूस सीमाभागातल्या मराठीवर भाषणं करतो. मी स्वतः ऐकली आहेत. बेळगावच्या मराठी माणसाबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटून येतो. आणि तोच मराठी माणूस घाट उतरून पोट भरायला डिचोलीत आला की हिणवून घाटी. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, चित्रं तिचीच आहेत सर, दुसरी कशी लावणार. ते म्हणाले, बरं बरं, बघू. मी फोन ठेवला आणि मुलांच्या वह्या तपासायला बसले. ते 'बघू' ऐकून मी गप्प बसले, याचा मला त्यांच्यावरच्या रागाइतकाच राग आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने कारखान्यातली पाळी बदलून घेतली. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे अशा दोन बस बदलून आली. एकटी नव्हती. बरोबर लायनीवरच्या त्या दोघी होत्या, ज्यांचे हात तिने काढले होते. दोघीही पन्नाशीच्या आसपास, दोघींनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. आपले हात भिंतीवर लागलेले बघायला त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. मी त्यांना दारातच भेटले. आत मीही अजून गेले नव्हते.

सभागृहाच्या डाव्या भिंतीवर आठ फलक होते. चार माझ्या गोष्टीचे, चार चित्रांचे. लांबून बघून मला वाटलं, रंग जरा जास्तच उजळ छापलेत. जवळ गेले आणि कळलं की ही आमची चित्रं नव्हेत. होडी तीच होती, नदी तीच, उभं राहायची ढबही तीच. पण होडीवाली गोरी झाली होती. पदर खांद्यावर, केस मोकळे, ओठ गुलाबी. हात तर लोण्यासारखे मऊ. वल्हं त्या हातांत नव्हतंच, हातांच्या मागून कुठूनतरी जात होतं. दोरीची गाठही नव्हती, तिथे नुसता एक गोळा होता. खाली लिहिलं होतं, चित्रे: संगणकाच्या साहाय्याने, वाचनालय कला विभाग.

त्या दोघींतली एक पुढे झाली. तिने एका फलकासमोर स्वतःचा हात धरला, जरा वेळ बघितलं आणि चित्र काढणारीला विचारलं, "ह्यो कुणाचा हात गं?"

एकेक करून चारही फलक तिने नीट पाहिले. कुठे काय पुसलंय हे ती मनात मोजत असावी.

मी कार्यवाहांना गाठलं. ते व्यासपीठावर हारांची व्यवस्था बघत होते. मी विचारलं, हे काय केलंत. त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. सगळं सरळ सांगितलं. तिचीच चित्रं त्यांनी एका अ‍ॅपमध्ये घातली होती आणि त्यातून ही काढून घेतली होती. मूळ चित्रांत बाई फार दमलेली, आजारी दिसत होती. कार्यक्रमाला प्रसन्न काहीतरी हवं. शिवाय चित्रकाराच्या नावाचाही प्रश्न सुटला.

"बाई, चित्रंच तर आहेत," ते म्हणाले. "गोष्टीला आम्ही हात लावलेला नाही. एक अक्षर बदललेलं नाही तुमचं."

ते मला आश्वासन देत होते. माझं काही गेलेलं नाही, मग मी कशाला बोलते, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मी भिंतीपाशी परत गेले आणि माझ्या गोष्टीच्या पहिल्या फलकाच्या टाचण्या काढायला लागले. टाचण्या खोल गेलेल्या होत्या, नख उलटलं. एक कार्यकर्ता धावत आला, म्हणाला, हे काढू नका, छपाई वाचनालयाची आहे. मी त्याला म्हटलं, कागद तुमचा असेल, गोष्ट माझी आहे आणि ती ज्या चित्रांबरोबर लिहिली गेली ती इथे नाहीत. कार्यवाह आले. लोक बघताहेत बाई, पाहुणे येऊन पोचतील, शांत व्हा, म्हणाले. मी शांतच होते. चारही फलक काढले, उलटे करून खुर्च्यांवर ठेवले. भिंतीवर त्यांची गोरी होडीवाली तेवढी राहिली. ती कोण, कुठली, हे सांगणारं आता काही नव्हतं.

मला वाटलं होतं, माझी चित्रकार माझ्यापाशी येईल. माझा हात धरेल, निदान काहीतरी बोलेल. ती आली, पण तिचा चेहरा मी ओळखत नव्हते.

"फाइली त्येना तुम्हीच दिल्यासा काय, बाई?"

मी हो म्हटलं.

"मला न विचारता?"

मी पुन्हा हो म्हटलं. तिने त्या दोघींना खूण केली आणि तिघी निघाल्या. मी स्टँडपर्यंत मागे गेले. चहा तरी घ्या म्हटलं. लायनीवरची एक बाई संकोचून थांबली, पण माझी चित्रकार थांबली नाही. म्हापशाची बस लागलेलीच होती.

पुढे दोन महिने तिने माझ्या निरोपांना उत्तर दिलं नाही. मी झालेलं सगळं गटात लिहिलं. कार्यवाहांबद्दल लिहिलं तसं स्वतःबद्दलही लिहिलं, फाइली मी दिल्या आणि घाटी शब्द ऐकून गप्प बसले हेही. काही जण म्हणाले, स्वतःला इतका दोष देऊ नका. मला ते आवडलं नाही. दोष मी देत नव्हते, होता तो सांगत होते. वाचनालयाला मी लेखी पत्र दिलं, त्याची पोच घेतली. उत्तर म्हणून सहभागाचं प्रमाणपत्र आलं. त्यावर माझं नाव सुवाच्य अक्षरांत आणि तिचं कुठेच नाही. ते मी टपालाने परत पाठवलं.

मग एका रविवारी तिचा फोन आला, घरी या म्हणून. डिचोलीला तिची एक खोली आणि बाहेर पत्र्याखाली चूल. तिने पोहे केले. बराच वेळ आम्ही पोह्यांवर आणि शाळेवर बोललो. शेवटी मीच विषय काढला. मी कार्यवाहांना काय काय म्हणाले, पत्रात काय लिहिलं, ते सांगायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा राग त्येंच्यावर हाय," ती म्हणाली. "माझा तुमच्यावर हुता. त्येंच्यावर काय म्हणून रागवू? त्यास्नी मी कोण ते ठावंच न्हाई. तुम्हास्नी ठावं हुतं."

मी माफी मागितली. या वेळी कारणं न देता. ती म्हणाली, बरं. मग तिने अटी सांगितल्या. गटात आमची गोष्ट लावली आहे त्या पानावर तिच्या नावाबरोबर त्या दोघींचीही नावं लागतील. फाइल कुणालाही द्यायची तर आधी तिला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर का, हे विचारायचं नाही. मी दोन्ही मान्य केल्या आणि तिथेच बसून नावं लावली. तिने फोन घेऊन स्पेलिंग तपासलं. एकीच्या नावात चूक होती, ती मला दुरुस्त करायला लावली.

या वर्षीच्या जोड्या लागल्या तेव्हा माझा सारांश तिने उचलला नाही. आधी फोन करून सांगितलं. दुसरी एक गोष्ट आवडली होती, डोंगरावर राहणाऱ्या मुलींची. मी म्हटलं, ठीक आहे. वाईट वाटलं, पण तसं म्हटलं नाही.

कार्यवाह गेल्या आठवड्यात पेडण्याच्या बाजारात भेटले. हसून म्हणाले, "काय बाई, अजून राग गेला नाही का?" मी नाही म्हटलं. ते पुन्हा हसले, मी गमतीने बोलले असं समजून, आणि यंदाच्या कार्यक्रमाला यायचं आमंत्रण दिलं. मी त्यांना तिथेच, भाजीवाल्या बायका ऐकत असताना, सांगितलं की ज्या दिवशी तुम्ही डिचोलीला जाऊन तिची माफी मागाल त्या दिवशी येईन. त्यांचं हसू उतरलं. घाईत आहे म्हणाले आणि मासळीच्या बाजूने गेले. अजून तरी ते डिचोलीला गेलेले नाहीत.