रेषेच्या पायथ्याचं गवत

प्रयोगशाळेत मी फरशी पुसते. तिथल्या यंत्राच्या पडद्यावर एक उभी रेष असते. ती सुईसारखी बारीक यावी म्हणून साहेब महिनाभर बसलेत, पण तिच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना गवत माजल्यासारखं दिसतं. हादरा बसून यंत्राचा सूर जरा थरथरला, की ते गवत वाढतं म्हणे.

आज साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "मावशी, हत्तीसारख्या काय चालता? तुमच्यामुळेच रेष हलते. उद्यापासून दुसरी बाई पाठवायला सांगतो."

मी बादली घेऊन दाराबाहेर उभी राहिले. काचेतून बघितलं, तर गवत तसंच होतं. यंत्राच्या टेबलाखाली साहेबांचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता आणि टेबलाच्या पायाला घासत होता. आम्ही असा पाय हलवला की आई फटका द्यायची. याला कुणी दिलेला दिसत नाही.

स्वतःची थरथर दुसऱ्याच्या पावलांत शोधणारी माणसं मी सासरीही पाहिली. त्यांच्यापुढे भीतीनं तोंड उघडलं नाही. आज मात्र मुद्दाम गप्प राहिले. उद्या नवी बाई येईल, मांजरीच्या पावलांनी फरशी पुसेल, आणि रेष हलतच राहील. हलू दे.