पान ०० साठी चौलपर्यंत

पनवेलहून सुटलेली उरणची एसटी ट्रेलरांच्या रांगेत अडकली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेले कंटेनर. माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं आणि त्यात एक चूक होती. तेवढ्यासाठी मी पुण्याहून पहाटे निघाले होते.

मी मूळची मंगळवेढ्याकडची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पुण्याच्या वसतिगृहात मला चौलची हर्षदा भेटली आणि तिने मला एका वेगळ्या खेळाची गोडी लावली. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि गोष्ट अडेल तिथे फासे टाकतात. या खेळाचे नियम, त्यातली गावं, माणसं, सगळं एका जाड पुस्तकात असतं. ही पुस्तकं परदेशातून येत आणि आम्हाला परवडत नसत. एका उसन्या प्रतीवर आम्ही तीन वर्षं खेळलो. मग हर्षदा म्हणाली, आपलंच करू, मराठीत, आमच्या किनाऱ्यावरचं. पाच वर्षं ती लिहीत राहिली आणि असे खेळ छापायला आम्ही पुण्यात एक छोटी कचेरी काढली. गेल्या भाद्रपदात डेंग्यूने ती गेली. पुस्तक छापून आलं पौषात.

या पुस्तकांत जागोजागी ‘अमुक पान पाहा’ असं लिहावं लागतं. लिहिताना पानाचा आकडा ठरलेला नसतो, म्हणून आम्ही ‘पान ०० पाहा’ असं लिहून ठेवतो आणि पानं लागल्यावर खरे आकडे भरतो. हर्षदाच्या मागे ते काम माझ्याकडे आलं. साठावर जागा मी भरल्या, एक राहिली. ‘नाव परत आली नाही तर : पान ०० पाहा.’ छापलेली पहिली प्रत चाळताना ते दिसलं. मी सगळं पुस्तक पुन्हा वाचलं, तिचा संगणक शोधला. नाव परत आली नाही तर काय करायचं, हे कुठेच नव्हतं. तोवर परदेशातल्या मराठी वाचकांच्या तीनशे प्रती न्हावा शेव्याजवळच्या गोदामात पोचल्या होत्या.

गोदामाचे मुकादम म्हात्रेदादा खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी एक प्रत उलटसुलट करून पाहिली.

“खेळाचं पुस्तक बोलता, न् खेळ कुठंय? लुडोला निदान पट तरी असतो.”

“पट डोक्यात असतो, दादा.”

“मग पुस्तक पण डोक्यातच ठेवायचं ना मॅडम, माझी जागा तरी वाचली असती.” त्यांनी प्रत परत दिली. “हे बघा, उद्या दुपारी बाराला कंटेनर भरला की सील लागणार. मग मी काय, माझा शेठ आला तरी उघडता यायचा न्हाय. त्याच्या आधी काय चिकटवायचं ते चिकटवा.”

चिकटवायचं काय, हेच मला माहीत नव्हतं. हर्षदाची एक वही चौलला तिच्या घरी होती. तिच्या बाराव्यानंतर मी तिथे गेले नव्हते. फोन करायचाही धीर झाला नव्हता.

करंज्याच्या धक्क्यावरून रेवसला तर (खाडी ओलांडणारी होडी) जाते. मी पोचले तेव्हा सुकती (ओहोटी) लागली होती. तर चिखलापलीकडे उभी होती आणि तिकीट देणारा माणूस पाण्याकडे बघून सांगत होता, “आता पाणी आलं की जाऊ.” किती वेळाने, हे त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. अडीच तास धक्क्यावर बसले. शेजारी सुक्या बोंबलांची टोपली घेतलेली एक बाई होती. तिने विचारलं, “कुनाकडं चाललीस?” मैत्रिणीकडे, असं मी सांगितलं. खरं सांगितलं असतं तर रडले असते.

रेवसहून अलिबाग, अलिबागहून सहा आसनी रिक्षाने चौल. रस्ता सुपारीच्या वाड्यांमधून जातो. भर उन्हातही गारवा वाटतो आणि पाटाच्या पाण्याचा आवाज येत राहतो. हर्षदाच्या पुस्तकातली पहिलीच ओळ या आवाजाची आहे. मी ती छपाईपूर्वी चार वेळा तपासली होती. बाराव्याला आले तेव्हा पावसात तो कळला नव्हता, आता पहिल्यांदा ऐकत होते.

हर्षदाचे वडील पूर्वी रेवदंड्याच्या एका मच्छीमार नावेवर तांडेल (नावेचे प्रमुख) होते. आता वाडी बघतात. ते ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मला पाहून म्हणाले, “लय दिवसांनी आलीस, बाय. जेवली न्हाईस ना?”

काकूंनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी वाढली. जेवण होईपर्यंत कुणी हर्षदाचं नाव काढलं नाही. मग मी पुस्तक काकांच्या हातात दिलं.

“एवढं जाड? आम्ही नावेवर पत्ते कुटायचो, पुस्तक न्हाय लागलं कधी.” त्यांनी हात धोतराला पुसले. “हिचं नाव कुठं हाय?”

मी मुखपृष्ठावर बोट ठेवलं. त्यांनी ती अक्षरं एकेक करून वाचली. “मोठं छापलंस,” ते म्हणाले.

मी चूक सांगितली. काकू आत जाऊन वही घेऊन आल्या. शेवटून तिसऱ्या पानावर मथळा होता : ‘नाव परत आली नाही तर’. त्याखाली एकच ओळ होती : ‘बाबांना विचारायचं.’

मी ती मोठ्याने वाचली आणि वाचल्यावर वाटलं, वाचायला नको होती.

“न्हाय विचारलं तिनं,” काका म्हणाले. “गणपतीला आलेली तवा बोलली व्हती, बाबा, तुमच्याशी निवांत बसायचंय. मी बोललो, वाडीचं काम उरकू दे, दिवाळीत बस.”

काकू भांडी घेऊन मागीलदारी गेल्या. काकांनी हातात घेतलेला अडकित्ता पुन्हा खाली ठेवला.

“आता तू विचार,” ते म्हणाले.

मी विचारलं, “काका, नाव परत आली नाही तर काय करायचं?”

“शोधायची. चार दिस, आठ दिस. न्हाय गावली, तर बाकीच्या नावा आल्या की पयला त्या घरचा वाटा (हिश्शाची मासळी) काढायचा. मग आपापला. आमच्यात तसंच चालायचं.”

“किती दिवस?”

“घरचं मानूस धक्क्यावर येऊन बोलतं, आता नको. तवर.”

“आणि कुणी आलंच नाही तर?”

“तर काढायचा.” त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. “त्याला काय इचारायचं.”

मी त्या ओळीखाली त्यांचे शब्द लिहून घेतले. संध्याकाळी काकांनी मला वाडी दाखवली. निघायचं कसं, ते त्यांनीच ठरवलं. “उद्या सातला भरती हाय. सकाळची पयली तर येळेवर सुटंल.”

ती वेळेवर सुटली. उरणच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी चिठ्ठ्या छापून घेतल्या, दुकानातल्या ताईंनी कात्रीने कापून दिल्या. गोदामात म्हात्रेदादा माझं एकटीचं चिकटवणं थोडा वेळ बघत राहिले, मग डिंकाची दुसरी बाटली घेऊन समोर बसले. चाळीसेक प्रती झाल्यावर त्यांनी एक चिठ्ठी वाचली.

‘नाव परत आली नाही तर तिच्यावरच्या गड्याचा वाटा आधी काढा. त्याच्या घरचे नको म्हणेपर्यंत काढत राहा.’

“हे खरं हाय,” ते म्हणाले. “माझ्या आजोळी काढायचे.” त्यानंतर त्यांनी लुडोचा विषय काढला नाही. पावणेबाराला शेवटचं खोकं बंद झालं.

परतीच्या एसटीत पुन्हा मिठागरं लागली. एवढं शिकले, पुस्तकं छापायला लागले, आणि मला वाटायचं की चूक सापडली की दुरुस्त करता येते. ही चूक दुरुस्त झाली नाही. त्या प्रश्नाचं उत्तर ज्याने द्यायचं त्याने दिलं, पण ज्या मुलीने विचारायचं ती ऐकायला नव्हती. तिच्या जागी मी ऐकलं.

आमच्या धंद्यात छपाई झाली की लेखकाच्या दहा प्रती बाजूला काढतात. या वेळी घाईत मी त्या काढल्याच नव्हत्या. पुण्याला उतरल्यावर घरी न जाता मी कचेरीत गेले, उरलेल्या गठ्ठ्यातून दहा प्रती काढल्या, त्यांतही चिठ्ठी चिकटवली आणि खोक्यावर चौलचा पत्ता लिहिला. त्यानंतर आमच्या कचेरीतून दुसऱ्या लोकांचे तीन खेळ छापून आले. प्रत्येक वेळी मी पहिली प्रत चौलला पाठवते. काकांचा फोन येतो, पोचलं म्हणतात, जेवलीस का विचारतात.

नको, असं अजून म्हणालेले नाहीत.