आईने बोलावलेलं विमान

पारनेर तालुक्यात धरणाच्या फुगवट्याला लागून आमची शेती. पल्याडची होडी बोलवायची तर हाक पोचत नाही, वाऱ्यातच विरते. म्हणून आमच्याकडे बायका पदर नि पुरुष टॉवेल डोक्यावर गरगर फिरवतात, ते बघून होडीवाला येतो. आईने जन्मभर हेच केलं.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी आले होते. पाण्यावर उतरणारं एक जुनंपानं विमान काही हौशी मंडळींनी धरणावर आणलं होतं. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या. दुपारी ते पल्याडच्या काठाने सरळ उडत चाललं होतं. आम्ही दोघी कांदा खुरपत होतो. मी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला आणि आईला चिडवलं, "तुझी होडी निघाली बघ. बोलाव की." एरवी ती माझ्या चेष्टेला भीक घालत नाही. त्या दिवशी मात्र हसत उठली आणि पदर फिरवला.

विमान आमच्याकडे वळलं. पाण्यालगत आलं. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. आई लाजून हसली. पुढे जाऊन त्याने पुन्हा आमच्याकडे वळण घेतलं, तेव्हा खाली झुकलेला पंख पाण्याला लागला. विमान उलटून फुटलं. आवाज आमच्यापर्यंत नंतर आला. मी मोबाईल तसाच धरून उभी होते.

होडीवाल्याने वैमानिकाला काठावर आणलं, तेव्हा तो गेलेला होता. एकटाच होता, तिशीचाही नसेल.

आईने दोन दिवस अन्न घेतलं नाही. "सरळ चाललं हुतं लेकरू. म्याच बोलावलं," एवढंच तिचं चालू. माझंच मन मला खात होतं, म्हणून मी तिच्यावर खेकसले, "तू काय विमानतळ आहेस का?"

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब ओट्यावर येऊन बसले. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "पदर म्या माझ्या मनानं फिरवला. पोरगी खाली मान घालून खुरपत हुती, तिला काय ठावं न्हाई."

मी व्हिडिओ काढल्याचं गावात कळलं होतं; साहेबांनी तो मागितला. मी मोबाईल दिला. त्यांनी तो लावला आणि पहिला माझाच आवाज आला, "बोलाव की."

आईने साहेबांच्या हातातला मोबाईल पालथा केला.

"ती खेळत हुती, साहेब," ती म्हणाली. "तुमी माझं नाव लिहा."